मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, तास किती आणि हिशेब कसा मांडायचा

मुलगी किंवा मुलगा न्यू जर्सीत, तिकीट त्यांनीच काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं, आणि इकडे घरात एकच चर्चा: नक्की किती तासांचा प्रवास आहे? एक जण सांगतो सोळा तास. दुसऱ्याने नेटवर चौदा वाचलेले असतात. शेजारच्या काकूंना मागच्या वर्षी वीस लागले होते. आणि तिकीट बघावं तर मध्यरात्रीनंतर दोनला निघून सकाळी साडेसातला पोचतं, म्हणजे साडेपाचच तास! हे चारही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कुणी हवेतले तास मोजतं, कुणी मधल्या थांब्यासकट, कुणी नुसतं घड्याळ बघतं. पहिल्यांदा निघणाऱ्याने यातला एकच आकडा धरून बेत आखला की गडबड होते: चुकीच्या रात्री विमानतळावर जाणं, घ्यायला येणाऱ्याला ताटकळत ठेवणं, औषधं हातातल्या बॅगेऐवजी मोठ्या बॅगेत जाणं.

म्हणून हा हिशेब एकदा स्वतः मांडून बघा. कागद, पेन आणि फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो. मी मुंबई ते न्यूयॉर्क घेतलंय, कारण आपल्याकडून सगळ्यात जास्त विचारणा याच वाटेची असते. पण रीत कळली की मुंबई ते टोरांटो, पुणेकरांचं सिंगापूर, कुठलंही अंतर तुम्ही बसल्या जागी काढाल.

पहिली पायरी: शहर नव्हे, विमानतळ बघा

'न्यूयॉर्क' म्हणून तिकीट शोधलं की दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ समोर येतात. एक जेएफके, न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात. दुसरा न्यूअर्क, जो मुळात न्यू जर्सी राज्यात आहे. (तिसरा लाग्वार्डिया, तो मुख्यतः देशांतर्गत विमानांचा, तुमचा त्याच्याशी सहसा संबंध येत नाही.) मुंबईपासूनच्या अंतरात या दोघांत नाव घेण्यासारखा फरक नाही. फरक पडतो तो उतरल्यावर. न्यू जर्सीतलं एडिसन आणि त्या पट्ट्यात, जिथे आपली मराठी माणसं भरपूर आहेत, तिथे जायचं तर न्यूअर्क सोयीचं. एडिसनला जाणारी लोकल गाडी न्यूअर्क विमानतळाच्या स्टेशनाच्याच मार्गावर आहे. जेएफकेहून एडिसनला यायचं म्हणजे न्यूयॉर्कच्या गर्दीतून आणि पुलांवरून वाट काढत यायचं. भाड्यात थोडाच फरक असेल तर मी न्यूअर्क घेईन.

इकडच्या टोकालाही आता तोच प्रकार आहे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं सुटू लागली आहेत. तिकिटावर 'बीओएम' असेल तर जुना मुंबई विमानतळ, 'एनएमआय' असेल तर नवी मुंबई. गावाहून आतल्या विमानाने येऊन पुढे परदेशी विमान धरणार असाल, तर दोन्ही तिकिटांवर हीच अक्षरं तपासा. नाहीतर उलव्याला उतरून सहारला पळत जायची वेळ येईल. आणि जुन्या विमानतळावरही टर्मिनल एक सांताक्रूझच्या बाजूला, टर्मिनल दोन सहारला. बॅगा ओढत चालत जाण्याइतकी ती जवळ नाहीत.

दुसरी पायरी: अंतर दोऱ्याने मोजा

मुंबई ते जेएफके हवाई अंतर साधारण १२,५३० किमी. हाच आकडा कुठे ७,७९० मैल असा दिसेल, कुठे ६,७७० सागरी मैल असा. वैमानिकांचा हिशेब सागरी मैलात चालतो. एक सागरी मैल १.८५२ किमीचा, साधा मैल १.६०९ किमीचा. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की आधी एकक बघा, निम्मे घोळ तिथेच मिटतात.

आता घरात पृथ्वीचा गोल असेल, नातवाचा शाळेचा चालेल, तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असा आडवा जाईल असं वाटतं. तसं होत नाही. दोरा मुंबईहून जवळजवळ उत्तरेकडे निघतो: कच्छचं रण, मग कंदाहारच्या आसपास, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मॉस्कोला जवळजवळ घासून सेंट पीटर्सबर्गकडे, स्कँडिनेव्हियावरून नॉर्वेचा समुद्र, आइसलँडचा दक्षिण किनारा, ग्रीनलँडचं खालचं टोक, कॅनडाचं लॅब्राडोर आणि मग वरून खाली न्यूयॉर्क. वाटेत तो ६४ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर जाऊन येतो. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क साधारण ४१ वर, आणि मधली वाट मात्र आइसलँडवरून!

भिंतीवरच्या सपाट नकाशावर हे पटत नाही, कारण नकाशा गोल पृथ्वी ओढून सपाट करतो आणि त्यात उत्तरेकडचे प्रदेश फुगतात. त्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ मारली आणि होकायंत्राची दिशा न बदलता त्या रेघेवरून उडत राहिलं, तर अंतर भरतं सुमारे १४,२०० किमी. म्हणजे दिसायला सरळ असलेली वाट जवळपास १,७०० किमी लांबची. मुंबईहून दिल्लीला जाऊन वर आणखी पाचशे किमी उडावं, इतका हा फरक आहे. विमानात समोरच्या पडद्यावर वाट वाकडी दिसली की "हा कुठे रशियाकडे चाललाय" म्हणून घाबरू नका. वाकडेपणा नकाशात आहे.

दोरा नसेल तर 'ग्रेट सर्कल मॅपर' नावाचं संकेतस्थळ आहे, त्यात दोन विमानतळांची तीन-तीन अक्षरं टाकली की हीच वाट काढून मिळते. रस्त्याचं अंतर दाखवणारी अ‍ॅप्स इथे उपयोगाची नाहीत.

तिसरी पायरी: तास काढा

लांब पल्ल्याची मोठी जेट विमानं वर गेल्यावर ताशी ९०० किमीच्या आसपास उडतात. बोइंग ७७७ असो की एअरबस ए३५०, फरक किरकोळ. तेव्हा १२,५३० भागिले ९००, उत्तर १३.९ तास. वर चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, शिवाय धावपट्टीपर्यंत सरकत जाण्यात वेळ जातो. त्यासाठी ३५-४० मिनिटं मिळवा. झाले साडेचौदा तास. नेटवरच्या अंतर सांगणाऱ्या पानांवर जो आकडा असतो तो बहुतेक असाच काढलेला असतो: अंतर भागिले एक ठरावीक वेग. वारा नाही, बंद हवाई हद्द नाही, काही नाही. म्हणून तो आकडा अंदाजाची सुरुवात म्हणून ठीक, बेत आखायला नाही.

आणखी एक बारकावा. तिकिटावरचा वेळ हा विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो, चाकं जमिनीवरून सुटल्यापासूनचा नाही. त्यात कंपन्या थोडा हातचाही ठेवतात. म्हणून कधी कधी अर्धा तास उशिरा निघालेलं विमानही वेळेवर पोचतं आणि सगळे वैमानिकाचं कौतुक करतात.

चौथी पायरी: वारा जमेला धरा

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. आपल्या आणि त्याहून वरच्या अक्षांशांवर, नऊ ते बारा किमी उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात. इंग्रजीतलं 'जेट स्ट्रीम' हेच नाव आपल्याकडेही रुळलंय. हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात. झोताच्या मध्यभागी ताशी २०० किमीहून जास्त वेग नवलाचा नाही. अमेरिकेला जाताना हा वारा बहुतेक वेळ समोरून, येताना पाठीमागून.

समजा जाताना सरासरी ताशी ८० किमीचा वारा समोरून आला. जमिनीवरचा वेग उरला ८२०. १२,५३० भागिले ८२० म्हणजे १५.३ तास, त्यात वरची ३५-४० मिनिटं, झाले जवळपास सोळा. येताना तोच वारा ५० किमीने मदत करतोय असं धरलं तर वेग ९५०, आणि वेळ पावणेचौदा-चौदा तास. थेट विमानाच्या वेळापत्रकात जाण्याचे साधारण सोळा आणि येण्याचे चौदा-पंधरा तास दिसतात ते यामुळे. वाट तीच, विमान तेच.

दर वेळी कुणीतरी विचारतंच: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग आपण वर असताना अमेरिका आपल्याकडेच सरकत येणार, जाताना कमी वेळ लागायला नको का? नाही लागत, कारण हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेत उडतं. उरतो तो फक्त हवेचा आपला वेगळा वारा, आणि तो उलटा आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सीटसमोरच्या पडद्यावर नकाशा लावा. त्यात उंची, बाहेरचं तापमान (उणे पन्नासच्या आसपास, बघून उगाच शाल ओढावीशी वाटते) आणि जमिनीवरचा वेग असे आकडे बदलत राहतात. जाताना वेग आठशेच्या घरात रेंगाळतो. येताना अटलांटिकवर तोच हजाराच्या पुढे गेलेला दिसतो. विमानाच्या इंजिनाने जोर केलेला नसतो, मागून वारा ढकलत असतो.

वाऱ्याची किंमत किती असू शकते याचं एक छान उदाहरण आपल्याच एअर इंडियाचं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून सुमारे १५,३०० किमी झालं, तरी पाठीमागून वारा मिळाल्यामुळे वेळ मात्र कमी झाला, पोचायला साडेचौदा तासांच्या आसपास. अंतर वाढलं आणि तास घटले! नुसत्या किलोमीटरवरून तास ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अटलांटिकवर तर वाऱ्याचा अंदाज बघून वाटा रोज नव्याने आखल्या जातात. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांच्या वाटा स्कॉटलंड-आयर्लंडकडचं 'शॅनविक' केंद्र ठरवतं, पूर्वेकडे येणाऱ्यांच्या कॅनडातलं 'गँडर'. म्हणून काल ग्रीनलँड दिसलं आणि आज नुसता समुद्रच, असं होतं. खिडकीची सीट ग्रीनलँडसाठी घेतली असेल तर देवाचं नाव घ्या.

पाचवी पायरी: कुणाची हद्द बंद आहे ते बघा

दोऱ्याने दाखवलेली वाट आठवा: कच्छनंतर पाकिस्तान, अफगाणिस्तान, पुढे रशिया. त्या वाटेने आज मुंबईचं विमान सहसा जाऊ शकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. २०१९ मध्येही ती काही महिने बंद होती. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर युरोप, कॅनडा आणि अमेरिकेच्या कंपन्यांना रशियाची हद्द बंद झाली. भारतीय कंपन्यांवर रशियाची ती बंदी नाही. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच दोन शहरांमध्ये, दोन देशांच्या कंपन्या दोन वेगळ्या वाटांनी उडतात. अमेरिकेच्या युनायटेडने आपलं मुंबई-न्यूअर्क थेट विमान मार्च २०२२ मध्ये थांबवलं, त्यामागे हेच कारण होतं: रशिया टाळून जायचं तर वाट लांबते.

पाकिस्तानची हद्द बंद झाल्याचा फटका दिल्लीला जास्त, मुंबईला त्यामानाने कमी. दिल्लीहून निघालेल्या विमानाला आधी खाली गुजरातकडे येऊन मग समुद्रावर जावं लागतं. मुंबई समुद्रावरच आहे, विमान उडालं की अरबी समुद्र समोर. पण आखाताच्या बाजूला काही पेटलं की मुंबईची वाटही अडचणीत येते. जून २०२५ मध्ये इस्राएल आणि इराण यांच्यातल्या संघर्षात इराण-इराककडची हद्द बंद झाली, आणि एका रात्री कतारनेही काही तास आपली हद्द बंद केली, तेव्हा कुणाचं विमान कुठे वळवलं, कुणाचं परत आलं.

आता यात तुम्ही काय करायचं? तिकीट काढायच्या आधी 'फ्लाइटरडार२४' किंवा 'फ्लाइटअवेअर'वर त्या विमानाचा क्रमांक टाका आणि गेल्या आठवड्यात ते रोज खरोखर किती वाजता सुटलं, किती वाजता पोचलं ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. जाहिरातीतल्या तासांपेक्षा हे सात-आठ दिवसांचे खरे आकडे मोलाचे. थेट विमान सध्या चालू आहे का, की वाटेत तेल भरायला कुठे उतरतं, तेही यातच कळतं.

सहावी पायरी: घड्याळाचं गणित

आता त्या साडेपाच तासांकडे येऊ. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. कारण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ हलवतात: मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे. आपण हलवत नाही. ऑक्टोबरअखेरीस जाऊन नोव्हेंबरच्या मध्यावर परतणार असाल तर जाताना एक फरक आणि येताना दुसरा.

रीत सोपी आहे आणि ती याच क्रमाने करा. निघण्याच्या भारतीय वेळेत प्रवासाचे तास मिळवा. उत्तर भारतीय वेळेत येईल. त्यातून साडेदहा (किंवा साडेनऊ) वजा करा.

१० जानेवारीला मध्यरात्रीनंतर २ वाजता मुंबई सोडली. सोळा तास मिळवले: १० तारखेचे संध्याकाळचे ६, भारतात. साडेदहा वजा: १० तारखेचे सकाळचे साडेसात, न्यूयॉर्कमध्ये. तिकिटावर '२:०० ते ७:३०' छापलेलं असतं ते हे. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात; त्यांची थेट वजाबाकी करायची नाही.

येताना उलट. न्यूयॉर्कहून सकाळी साडेअकराला निघालात. साडेचौदा तास मिळवा: न्यूयॉर्कच्या घड्याळात पुढच्या दिवशीचे पहाटेचे २. आता साडेदहा मिळवा, वजा नाही: दुपारचे साडेबारा, मुंबई. तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरांत '+१' दिसेल, म्हणजे दुसरा दिवस. कुठे '+२' दिसलं तर तिसरा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे अधोरेखित करून फ्रिजवर चिकटवा. 'जानेवारी १०, ०२:००' याचा अर्थ ९ तारखेला रात्री विमानतळावर असायचं आहे. १० तारखेला रात्री जेवण करून, देवाला नमस्कार करून निघालात तर विमान जाऊन वीस-बावीस तास झालेले असतील. मुंबईहून लांबची कित्येक विमानं मध्यरात्र ते पहाट या वेळातच सुटतात, त्यामुळे ही चूक होण्याची शक्यता प्रत्येक घरात असते. पुण्याहून गाडी ठरवतानाही गाडीवाल्याला तारीख ९ सांगायची, '१० ची फ्लाइट' असं म्हणायचं नाही.

सातवी पायरी: मधला थांबा

थेट विमान महाग असतं आणि सगळ्यांना मिळतंही असं नाही. बरेच जण आखातातून किंवा युरोपातून जातात. त्यात अंतर फार वाढत असेल असं वाटतं, पण आकडे बघा. मुंबई-लंडन सुमारे ७,२१० किमी, लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५५०. बेरीज १२,७६०. थेट अंतराहून सव्वादोनशे-अडीचशे किमीच जास्त. दुबईहून गेलात तर १,९३० अधिक ११,०२०, म्हणजे १२,९५०, चारशेवीस जास्त. विमानाच्या वेगाने हा अर्ध्या तासाचासुद्धा फरक नाही. १९६० मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ घेऊन न्यूयॉर्क सेवा सुरू केली तीही लंडनवरूनच.

वेळ जातो तो थांब्यात. दुबईचं एक काल्पनिक वेळापत्रक मांडून बघू, हिवाळ्यातलं. मुंबई पहाटे साडेचार, सव्वातीन तास उड्डाण, भारतात पावणेआठ, दुबईत सव्वासहा (दुबई दीड तास मागे). सव्वादोन तास थांबा. साडेआठला निघून चौदा तास, न्यूयॉर्कमध्ये दुपारचे दीड. एकूण साडेएकोणीस तास. शेजारच्या काकूंचे वीस तास हे असे होतात.

थांबा किती असावा? सव्वा तासाचा थांबा कागदावर छान दिसतो, पण पहिलं विमान पाऊण तास उशिरा आलं की पळापळ. पहिल्यांदा जाणाऱ्या आईवडिलांसाठी मी अडीच ते चार तास धरतो. त्याहून जास्त झाला की खुर्चीत बसून पाठ धरते. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, त्यात संकोच नको. दुबई, दोहाची विमानतळं चालून चालून संपत नाहीत.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असली पाहिजेत, हे मात्र ठामपणे सांगेन. स्वस्त पडतं म्हणून मुंबई-लंडन एका कंपनीचं आणि लंडन-न्यूयॉर्क वेगळं असं सुटं काढलं, तर पहिल्याला उशीर झाल्यावर दुसरं चुकलं तरी ती कंपनी जबाबदारी घेत नाही. बॅगा बाहेर येऊन घ्याव्या लागतात आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. वाचलेले पाच-सात हजार एका रात्रीत जातात.

अमेरिकेतच पुढे आणखी विमान असेल, म्हणजे न्यूयॉर्कला उतरून शिकागो किंवा डलासला जायचं असेल, तर अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन होतं. बॅगाही सर्वसाधारणपणे तिथेच उचलून पुन्हा द्याव्या लागतात. त्या थांब्याला तीन तास तरी ठेवा. अबू धाबीहून जाणाऱ्यांचं अमेरिकेचं इमिग्रेशन मात्र अबू धाबीतच उरकतं आणि पलीकडे ते आतल्या विमानातून उतरल्यासारखे बाहेर येतात. पण मग तिथला थांबा मोठा हवा, कारण रांग तिथे आहे.

आठवी पायरी: दारापासून दारापर्यंत

कोथरूडहून निघणाऱ्या घराचा हिशेब बघा, तेच थेट विमान धरून. ९ तारखेला संध्याकाळी साडेपाचला गाडी दारातून हलली. द्रुतगती मार्ग, घाट, वाशी-चेंबूरची गर्दी धरून दहापर्यंत सहार. चार तास आधी पोचणं काहींना जास्त वाटेल, पण घाटात ट्रक बंद पडला की तोच वेळ कामी येतो, आणि पावसाळ्यात मी आणखी तास धरेन. २ ला उड्डाण. सकाळी साडेसातला जेएफके. इमिग्रेशनची रांग, बॅगा, कस्टम्स यांतून बाहेर यायला साडेनऊ. एडिसनला घरी अकरा. तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. म्हणजे दारापासून दारापर्यंत अठ्ठावीस तास, त्यात विमानातले सोळा.

कोल्हापूर, लातूर, जळगावकडून येणाऱ्यांनी यात आपले तास मिळवावेत. रात्रीची गाडी करून सकाळी मुंबईत नातेवाइकांकडे टेकणं आणि रात्री निघणं हे लागोपाठ सगळा प्रवास करण्यापेक्षा बरं. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून विमानाने येणार असाल तर शेवटचं विमान धरू नका, त्याच्या आधीचं धरा.

हातातल्या बॅगेत काय ठेवायचं ते या अठ्ठावीस तासांवरून ठरतं, सोळावरून नाही. दोन दिवसांच्या गोळ्या, चष्मा, एक जोडी कपडे, जिथे उतरायचं त्या घराचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून. फोनची बॅटरी संपली की कागदच कामाला येतो. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः इन्शुलिन चालू असेल तर. विमानात दर दोन-तीन तासांनी उठून मधल्या वाटेने एक फेरी मारा, पाणी पीत राहा.

नववी पायरी: घ्यायला येणाऱ्याला काय कळवायचं

'उद्या सकाळी येतोय' असा निरोप पाठवू नका. तुमचा उद्या आणि त्यांचा उद्या एक असेलच असं नाही. विमान सुटण्याआधी, विमानतळाच्या वायफायवरून, असा निरोप टाका:

"विमान क्रमांक अमुक. मुंबई सुटेल शनिवार १० तारीख पहाटे २, इथल्या वेळेने. जेएफकेला उतरेल शनिवार १० तारीख सकाळी ७:३०, तुमच्या वेळेने. बाहेर यायला ९:३० होतील, आठच्या आधी घरून निघू नका, विमानाला उशीर आहे का ते क्रमांक टाकून बघा. बाबांसाठी व्हीलचेअर सांगितली आहे. दोन मोठ्या बॅगा, एक निळी, एक तपकिरी, तपकिरीला लाल रिबन. इथला फोन तिथे चालणार नाही, बाहेर आलो की विमानतळाच्या वायफायवरून कळवतो. तसं नाही जमलं तर बाहेरच्या दाराजवळ थांबतो, कुठेही हलत नाही."